समुद्रकांठची शाळा आणि शिक्षकाचा अधिकार

जी वस्तु आपण स्वतः कधीं पाहिली नाहीं, तिच्याविषयीं दुसऱ्यास शिकविण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटण्याचा संभव आहे. इतिहासाच्या शिक्षकानें पानिपतची लढाई पाहिलेली नसते, ज्योतिषाच्या शिक्षकानें शनीच्या कड्यांवर पाऊल ठेविलेलें नसतें, आणि भूगोल शिकविणाऱ्यानें सहारा तुडविलेला नसतो. तरीही या सर्वांस आपापला विषय शिकविण्याची मोकळीक असावी याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. जेवढें पाहिलें तेवढेंच सांगावें असा कडक नियम केला, तर बहुतेक शाळांना उद्यांच टाळें लावावें लागेल. तथापि ज्या वस्तु पाहणें अशक्य आहे त्यांची गोष्ट निराळी, आणि ज्या हाकेच्या अंतरावर असूनही आपण पाहत नाहीं त्यांची गोष्ट निराळी. पहिल्या बाबतींत पुस्तकाचा आश्रय हा नाइलाज असतो. दुसऱ्या बाबतींत तो आळस असतो, आणि आळसावर विद्वत्तेचा पोशाख चढविला म्हणजे त्याचें रूपांतर एका प्रकारच्या अप्रामाणिकपणांत होतें. हा अप्रामाणिकपणा कोठें सुरू होतो आणि त्यावर उपाय काय, याचा विचार समुद्रविषयक शिक्षणाच्या उदाहरणानें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

समुद्राचें उदाहरण घेण्यास कारण आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा शेंकडा ७१ भाग समुद्रानें व्यापिलेला आहे. पृथ्वीवर दरवर्षीं नव्यानें निर्माण होणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें निम्मा समुद्रांतील जीवांकडून, मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींकडून, येतो. पाऊस, वारा, ऋतुमान, अन्न आणि व्यापार या सर्वांचे धागे शेवटीं समुद्रास जाऊन मिळतात. असें असूनही शाळेच्या अभ्यासक्रमांत समुद्राच्या वांट्यास एखाददुसरा पाठ येतो. हें वैगुण्य अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांच्या व शिक्षकांच्या मनास लागलें. आणि २००४ सालीं त्यांनीं एकत्र बसून, शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलास समुद्राविषयीं निदान काय ठाऊक असावें याचीं सात सूत्रें ठरविलीं. 'सागरसाक्षरता' ही कल्पना तेव्हांपासून शिक्षणक्षेत्रांत रूढ झाली. पुढें संयुक्त राष्ट्रसंघानें २०२१ ते २०३० हें दशक समुद्रविज्ञानाचें दशक म्हणून जाहीर केलें. या सात सूत्रांपैकीं शेवटचें सूत्र मोठें मननीय आहे. समुद्राचा फार मोठा भाग अद्याप कोणी धुंडाळलेलाच नाहीं, असा त्याचा आशय आहे. ज्या विषयाच्या मूळ सूत्रांतच आपल्या अज्ञानाची नोंद करून ठेविली आहे, तो विषय शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहणारा आहे हें उघड आहे.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयांत शिकवीत आहों. दरवर्षीं कांहीं विद्यार्थी समुद्रकांठच्या गांवांतून येतात. भरती-ओहोटी कां होते असें विचारलें, तर चंद्र, सूर्य आणि गुरुत्वाकर्षण यांची सांखळी ते न अडखळतां म्हणून दाखवितात. 'आज तुमच्या गांवीं भरती किती वाजतां?' असें विचारलें, म्हणजे मात्र वर्ग एकदम स्तब्ध होतो. क्वचित् एखाद्या मागच्या बांकावरून दबक्या आवाजांत उत्तर येतें, आणि तें देणारा मुलगा बहुधा कोळ्याचा असतो. त्याचें उत्तर बरोबर असतें. परंतु तें देतांना तो ओशाळल्यासारखा दिसतो. जणूं काय घरची एखादी गोष्ट त्यानें चार लोकांत उघडी केली. एकाच वर्गांत ज्याला कारण ठाऊक आहे त्याला वस्तु ठाऊक नाहीं, आणि ज्याला वस्तु ठाऊक आहे त्याला आपणांस कांहीं ठाऊक आहे याचाच पत्ता नाहीं. ही स्थिति कोणा एका शिक्षकाच्या दोषामुळें आलेली नाहीं. ज्ञान म्हणजे काय याविषयींच्या आपल्या एका जुन्या समजुतीचें तें फळ आहे.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवाक्य. ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा मनुष्याचें सांगणें. शाळेंत मिळणारें बहुतेक ज्ञान या चौथ्या प्रकारचें असतें, आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मात्र आप्त कोणास म्हणावें याविषयीं वात्स्यायनानें न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यांत जें सांगितलें आहे तें आपण बहुधा विसरतों. ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्यास सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेंच लागू पडतें, असें तो म्हणतो. या व्याख्येंत जन्म, पदवी किंवा पाठांतर यांतील एकाचाही उल्लेख नाहीं. वस्तु पाहिलेली असणें आणि ती खरेपणानें सांगणें, एवढ्या दोनच अटी आहेत. या व्याख्येनें पाहिलें तर आमच्या वर्गांतील भरतीपुरता आप्त कोण, याचें उत्तर देणें कठीण नाहीं.

शिक्षकास अशा अर्थानें आप्त बनविण्याचा एक मोठा प्रयत्न दीडशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंत झाला. त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तींत एकाच मनुष्याच्या चरित्रांत पाहावयास मिळतात.

लुई आगासी हे मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांचा जन्म १८०७ सालचा. जीवाश्मरूप माशांच्या अभ्यासानें व एके काळीं भूपृष्ठाचा मोठा भाग बर्फाखालीं होता या सिद्धांताच्या पुरस्कारानें त्यांचें नांव युरोपभर झालें होतें. १८४६ सालीं ते अमेरिकेस गेले आणि पुढें हार्वर्ड येथें प्राध्यापक झाले. त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीविषयीं सॅम्युएल स्कडर या त्यांच्या विद्यार्थ्यानें लिहून ठेविलेली आठवण प्रसिद्ध आहे. स्कडर कीटकांचा अभ्यास करावयाच्या हेतूनें आला होता. आगासींनीं मद्यार्काच्या बरणींतून एक मासा काढून त्याच्या पुढें ठेविला, 'पाहा' म्हणून सांगितलें आणि ते निघून गेले. दहा मिनिटांत पाहण्यासारखें सर्व संपलें असें त्या तरुणास वाटलें. तास गेले, गुरुजी परत येण्याचें चिन्ह दिसेना. करमणूक म्हणून त्यानें माशाचें चित्र काढावयास घेतलें, आणि काढतां काढतां पूर्वीं न दिसलेल्या गोष्टी त्यास दिसूं लागल्या. गुरुजी आले, त्यांनीं विचारपूस केली आणि पुन्हां पाहावयास सांगितलें. रात्रभर विचार केल्यावर, माशाच्या दोन्ही बाजूंचे अवयव जोडीजोडीनें सारखे आहेत हें दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें सांगितलें, तेव्हां आगासींस आनंद झाला. पण पुढची आज्ञा पुन्हां तीच, पाहा. असे तीन दिवस गेले. स्कडर पुढें कीटकशास्त्रांतच नांवाजला. परंतु तो मासा हा आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठा कीटकशास्त्राचा धडा होता असें तो मानीत असे.

हीच पद्धति शाळामास्तरांना शिकवावी म्हणून आगासींनीं आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं एक अपूर्व शाळा काढली. मॅसॅच्युसेट्‌स राज्याच्या किनाऱ्यालगत बझर्ड्‌स बे नांवाच्या आखातांत पेनिकीज हें एक लहानसें, जवळजवळ वृक्षहीन बेट आहे. न्यूयॉर्कचे एक व्यापारी जॉन अँडरसन यांनीं तें बेट आणि त्याबरोबर पन्नास हजार डॉलर या कामीं दिले. ८ जुलै १८७३ रोजीं शाळा उघडली. इमारत पुरी झाली नव्हती; मेंढ्यांच्या गोठ्याची साफसफाई करून तेथें व्याख्यानें व जेवणें होऊं लागलीं. विद्यार्थी सुमारें पन्नास, आणि ते सर्व शाळांतून व महाविद्यालयांतून शिकविणारे. त्यांत स्त्रियाही होत्या. त्या काळीं पुरुषांच्या बरोबरीनें स्त्रियांस शास्त्राच्या प्रयोगशाळेंत बसविणें ही गोष्ट हार्वर्डमध्यें अशक्य होती; बेटावर ती शक्य झाली. पुस्तकें बाजूस ठेवून सृष्टीच अभ्यासावी, हें तेथील बोधवाक्य होतें. ओहोटीच्या वेळीं खडकांवर जावें, जाळें टाकून समुद्रतळींचे जीव वर काढावे, आणि जें हातीं लागेल त्याच्यापुढें स्कडरप्रमाणें बसून राहावें, असा क्रम असे.

डिसेंबर १८७३ मध्यें आगासी वारले. दुसऱ्या उन्हाळ्यांत त्यांच्या मुलानें शाळा कशीबशी चालविली आणि ती बंद पडली. दोन उन्हाळ्यांची ती शाळा! परंतु तिचा वंश पाहिला म्हणजे नवल वाटतें. चार्ल्स व्हिटमन हा त्या बेटावरचा विद्यार्थी. १८८८ सालीं वुड्स होल येथें स्थापन झालेल्या, आणि आज जगप्रसिद्ध असलेल्या, सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा तो पहिला संचालक झाला. विल्यम ब्रुक्स हाही तेथलाच. त्यानें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातर्फें चेसापीक आखाताच्या कांठीं तशीच शाळा काढली. कॉर्नेलिया क्लॅप ही शिक्षिका १८७४ सालीं बेटावर गेली होती. तिनें माउंट होल्योक येथें मुलींच्या कित्येक पिढ्यांना प्राणिशास्त्र शिकविलें आणि वुड्स होलच्या पहिल्याच वर्षापासून तेथें संशोधन केलें. शिक्षकास आधीं समुद्रावर न्यावें, मग मुलें आपोआप तेथें पोंचतात, हें तत्त्व तेव्हांपासून कायम झालें. १९९० सालीं अमेरिकन सरकारच्या समुद्र व वातावरण खात्यानें शाळेच्या शिक्षकांना संशोधनाच्या जहाजांवर पाठविण्याची योजना सुरू केली, तिच्या मुळाशीं हाच विचार होता. मासे मोजणें, जाळीं ओढणें, रात्रपाळी करणें हीं कामें शिक्षकानें शास्त्रज्ञांबरोबर करावयाचीं आणि मग वर्गांत परत जावयाचें. असा शिक्षक परत आल्यावर त्याच्या शिकविण्यांत माहितीची भर फारशी पडत नसेल. पण त्याचें 'मला ठाऊक आहे' आणि त्याचें 'असें म्हणतात' हीं दोन वाक्यें त्या दिवसापासून निरनिराळ्या आवाजांत निघूं लागतात. शिकणाऱ्या मुलास हा आवाजांतला फरक तात्काळ कळतो.

येथें पुस्तकांचा कैवार घेणारा वाचक आम्हांस अडवील, आणि तें योग्यच होईल. रेचेल कार्सन या विदुषीचें उदाहरण तो पुढें करील. समुद्रापासून दूर, पेन्सिल्व्हेनियांतील एका गांवीं ती वाढली. लहानपणापासून समुद्राविषयीं मिळेल तें ती वाचीत असे. पण समुद्राचें दर्शन तिला घडलें तें १९२९ सालीं, वुड्स होल येथें उन्हाळ्यांतील अभ्यासासाठीं गेली तेव्हां, वयाच्या बाविसाव्या वर्षीं. पुढें १९५१ सालीं तिनें समुद्रावर लिहिलेल्या ग्रंथानें लाखों लोकांना समुद्राची गोडी लाविली. त्यांतील कित्येकांनीं समुद्र कधींच पाहिलेला नसेल. पुस्तकानें तिच्या मनांत ओढ उत्पन्न केली, आणि तिच्या पुस्तकानें इतरांच्या. मग पुस्तकांना बाजूस ठेवणारें तें बोधवाक्य खोटें म्हणावयाचें काय? गंमत अशी कीं तें बोधवाक्य लिहिलेला फलक पुढें वुड्स होलच्या ग्रंथालयांत लावण्यांत आला. या विसंगतीला लोक हंसतात. आम्हांस मात्र तो फलक योग्य जागींच लागला आहे असें वाटतें. ज्यानें समुद्र पाहिला आहे त्याला ग्रंथ वाचतांना जेवढा लाभ होतो तेवढा दुसऱ्या कोणास होत नाहीं. आणि ज्यास ग्रंथानें समुद्राकडे धाडलें त्यानें ग्रंथाचें ऋण फेडलें. पुस्तक हें दार आहे. दाराशींच बसून राहणाऱ्यास घर पाहिलें असें म्हणतां येत नाहीं. पण त्यासाठीं दार मोडून टाकण्याचीही गरज नाहीं.

येथवर सर्व सोपें आहे. प्रत्यक्ष पाहावें, शिक्षकानें आधीं पाहावें, पुस्तकास त्याची जागा द्यावी, इतकें म्हणून लेख संपवितां आला असता. परंतु आगासींच्या चरित्राची दुसरी बाजू तसें करूं देत नाहीं.

१८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जातींची उत्क्रांति होते हें मत आगासींनीं शेवटपर्यंत मान्य केलें नाहीं. प्रत्येक जीवजाति ईश्वरी संकल्पानुसार स्वतंत्रपणें निर्माण झाली, असें ते मानीत. ही एक शास्त्रीय चूक म्हणून सोडून देतां येईल. परंतु याच मताचा हात धरून ते आणखी एका मताकडे गेले: मनुष्याचे निरनिराळे वंश हेही निरनिराळे निर्माण झाले आणि त्यांची योग्यता सारखी नाहीं. १८५० सालीं दक्षिण कॅरोलायनांतील कोलंबिया या गांवीं त्यांच्यासाठीं कांहीं गुलामांचीं छायाचित्रें काढण्यांत आलीं. त्या स्त्रीपुरुषांना विवस्त्र किंवा अर्धविवस्त्र करून, समोरून व बाजूनें, जसे संग्रहालयांतील नमुने टिपतात तसे टिपलें. त्यांत रेंटी नांवाचा एक आफ्रिकन पुरुष होता आणि डीलिया ही त्याची मुलगी होती. तीं चित्रें १९७६ सालीं हार्वर्डच्या संग्रहालयांत पुन्हां सांपडलीं. आपण रेंटीच्या वंशांतील आहों असें सांगणाऱ्या एका स्त्रीनें त्यांसाठीं दावा लावला, आणि २०२५ सालीं झालेल्या तडजोडींत तीं आपल्या ताब्यांतून दक्षिण कॅरोलायनांतील एका संग्रहालयाकडे देण्याचें हार्वर्डनें मान्य केलें.

जो मनुष्य एका माशापुढें तीन तीन दिवस बसावयास शिकवीत होता, त्याला रेंटी कां दिसला नाहीं? डोळे तेच, बुद्धि तीच, पाहण्याची शिस्तही तीच. आम्हांस याचें एकच उत्तर सुचतें. माशापुढें तो प्रश्न घेऊन बसे. रेंटीपुढें तो उत्तर घेऊन आला होता. ज्याच्या मनांत उत्तर आधींच ठरलेलें असतें त्यास कितीही वेळ पाहिलें तरी तेंच दिसतें, आणि पाहण्याच्या श्रमामुळें तें अधिक खरें वाटूं लागतें, हा त्यांतला मोठा धोका. शिवाय मासा मुका असतो; त्याच्याकडे पाहण्यावांचून दुसरा इलाज नसतो. रेंटीला वाचा होती. परंतु त्याचा नमुना केल्याबरोबर त्याच्या वाचेचें कारण उरलें नाहीं. ज्याला बोलतां येतें त्याच्याकडे केवळ पाहत राहणें हाच मुळीं अपराध आहे.

म्हणजे, प्रत्यक्ष हें श्रेष्ठ प्रमाण खरें, पण तेंही पुरेसें नाहीं. मग पेनिकीजच्या शाळेंत वांचविण्यासारखें काय राहिलें? आमच्या मतें जें राहिलें तें फार मोठें आहे. आगासींच्या विद्यार्थ्यांपैकीं जे नांवारूपास आले ते जवळजवळ सर्व उत्क्रांतिवादी झाले. व्हिटमन झाला, ब्रुक्स झाला. बेटावरचाच एक विद्यार्थी डेव्हिड स्टार जॉर्डन, जो पुढें मत्स्यशास्त्रज्ञ व स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला, तोही झाला. गुरूनें त्यांना सांगितलें होतें, माझें ऐकूं नका, पाहा. त्यांनीं पाहिलें, आणि जें दिसलें तें गुरूच्या मताविरुद्ध होतें. पुत्राकडून आणि शिष्याकडून पराजय व्हावा अशी इच्छा धरावी, असें आपल्याकडे एक जुनें वचन आहे. आगासींनीं तशी इच्छा धरली होती असें म्हणवत नाहीं. पण त्यांची पद्धति त्यांच्याहून मोठी होती. जी शिक्षणपद्धति शिष्याच्या हातीं गुरूची चूक दाखविण्याचें साधन देते, ती गुरु चुकला तरी फुकट जात नाहीं. उलट, केवळ शब्दावर चालणारी पद्धति गुरूचें शहाणपण आणि गुरूची चूक हीं दोन्ही सारख्याच निष्ठेनें पुढच्या पिढीच्या पदरांत टाकते.

अर्थात् हें साधनही आपोआप सर्वत्र चालत नाहीं. याच जॉर्डननें पुढें माणसांच्या सुप्रजननाचा हिरीरीनें पुरस्कार केला, आणि कांहीं माणसें जन्मतःच हीन असतात या मताला आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा दिली. त्यामुळें २०२० सालीं स्टॅनफर्डनें त्याचें नांव आपल्या एका इमारतीवरून काढून टाकलें. माशांच्या बाबतींत गुरूच्या पुढें गेलेला शिष्य माणसांच्या बाबतींत गुरूच्याच वाटेवर राहिला. सृष्टीकडे डोळसपणें पाहण्याची संवय माणसांकडे पाहतांना टिकेलच अशी हमी नाहीं. ती वेगळी जोपासावी लागते.

हें दूरच्या देशांतील उदाहरण वाचून आपण निश्चिंत राहावें असें मात्र नाहीं. आपल्या पाठ्यपुस्तकांतही कोळी असतो. तो चित्रांत असतो: डोक्यावर टोपी, खांद्यावर जाळें, पाठीमागें होडी. मासे पकडणारा तो कोळी, असें त्या चित्राखालीं मुलें शिकतात. त्याला काय ठाऊक आहे हें तें चित्र सांगत नाहीं. तोही एक नमुनाच झाला आहे. फक्त आपण तें सभ्यपणें केलें आहे.

त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट घ्या. मुंबईच्या बाजूस जुनी माणसें भरतीची वेळ काढण्यासाठीं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास; तोच दिवसा आणि तोच थोड्याफार फरकानें रात्रीं. आतां हाच नियम शिक्षकानें फळ्यावर मांडावा. चांद्र महिन्यांत तिथि तीस. तेवढ्या अवधींत भरतीची वेळ पुढें पुढें सरकत बरोबर चोवीस तासांचा फेरा पुरा करते. म्हणजे एका तिथीमागें ४८ मिनिटें, तासाचे चार-पंचमांश. मग कोळी तीन-चतुर्थांश कां धरतो? पाऊणकी तोंडपाठ असते आणि चार-पंचमांशाचा हिशेब होडींत बसून होत नाहीं, हें एक कारण असेल. पण पंधरा तिथींत पडणारा पाऊण तासाचा फरक जातो कोठें? पौर्णिमेस मुंबईस पूर्ण भरती ठीक बारा वाजतां येते कीं त्याच्या थोडी आधीं? महिनाभर मुलांनीं धक्क्यावर एक खुणेची काठी रोवून वेळा लिहून काढाव्या, छापील कोष्टकाशीं ताडाव्या, आणि कोळ्याच्या नियमाशींही ताडाव्या. या एका महिन्यांत चंद्राची गति, पंचांग, अपूर्णांक, उधाण व भांग, आणि नियम कशाला म्हणावें हा तर्कशास्त्रांतला प्रश्न, इतक्या गोष्टी मुलांच्या अंगांत मुरतील. आणि मागच्या बांकावरचा तो मुलगा त्या महिन्यापुरता वर्गाचा गुरु होईल. आमच्या दृष्टीनें ही शेवटची प्राप्ति सर्वांत मोलाची आहे.

ओहोटीच्या वेळीं खडकावर गेलें म्हणजे याच जातीचे धडे पावलापावलावर पडलेले असतात. खळग्यांत साठलेल्या पाण्यांत समुद्रफुलें उमललेलीं असतात, आणि तीं फुलें नसून शिकार करणारे प्राणी आहेत हें बोटाच्या सावलीनें कळतें. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करणारा खेकडा असतो. खाडीच्या चिखलांत परांवर रांगणारा निवट्या असतो, आणि मासा असून पाण्याबाहेर तो श्वास कसा घेतो असें विचारावयास तो मुलांस भाग पाडतो. तिवराचीं मुळें चिखलांतून वर डोकें काढून उभीं असतात. २०१७ सालापासून मुंबईंत कांहीं निसर्गप्रेमी मंडळींनीं 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नांवाखालीं ओहोटीच्या वेळीं लोकांस किनाऱ्यावर नेऊन हें सर्व दाखविण्याचा उपक्रम चालविला, तेव्हां जन्मभर त्याच किनाऱ्यावर भेळ खाल्लेल्या लोकांना आपल्या शहराला असा शेजार आहे हें प्रथमच कळलें.

येथें आणखी एक नीतीचा प्रश्न निघतो, तो थोडक्यांत सांगतों. पेनिकीजच्या काळीं पाहणें म्हणजे पकडणें, मारणें आणि बरणींत घालणें असें समीकरण होतें. संशोधकास आजही कांहीं प्रसंगीं तें टाळतां येत नसेल. शाळेस तें टाळतां येतें. उचललेला दगड होता तसा परत ठेवावा, नाहींतर त्याच्या तळाशीं चिकटलेले जीव उन्हानें मरतात. रिकामा दिसणारा शंखही खिशांत घालूं नये, कारण तो कोणाचें तरी उद्यांचें घर असूं शकतो. ज्या मुलानें एकदां दगड पूर्ववत् ठेविला, त्याला पाहणें आणि बळकावणें यांतला भेद व्याख्यानावांचून कळला. मनुष्याचा नमुना करूं नये, हा याच धड्याचा वरचा इयत्तेंतला पाठ होय.

यावर व्यवहारी लोकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा करावयाचा, परीक्षा डोक्यावर, साठ मुलांना निसरड्या खडकांवर नेण्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, आणि ज्यांचा समुद्र शेंकडों कोस दूर आहे त्या विदर्भ-मराठवाड्यांतील शाळांनीं काय करावें? हे आक्षेप खोटे नाहींत. पण त्यांचें उत्तर शेवटीं आमच्या पहिल्या प्रश्नांतच आहे. प्रत्येक शिक्षकानें सर्व कांहीं पाहिलेलें असावें असें आमचें म्हणणें नाहीं. आपण काय पाहिलें, काय ऐकलें आणि काय वाचलें, याच्या सीमा त्यानें मुलांपुढें उघड ठेवाव्या, आणि जें जवळ आहे तें पाहण्याची टाळाटाळ करूं नये, एवढेंच आम्ही मागतों. नागपूरच्या शिक्षकाला समुद्र जवळ नसेल, पण समुद्राकडेच निघालेली एखादी नदी जवळ असेल. त्यानें मुलांस सांगावें, 'ही मी पाहिली आहे. हिचा शेवट मी वाचला आहे. तुमच्यापैकीं कोणी कधीं तो पाहिलात तर मला येऊन सांगा.' असें वाक्य बोलणाऱ्या शिक्षकाचा अधिकार कमी होतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आप्ताची ती जुनी व्याख्या पुन्हां एकदां वाचावी.

तात्पर्य, शिकविण्याचा अधिकार माहितीच्या सांठ्यानें मिळत नाहीं. स्वतः पाहण्याचे श्रम, न पाहिलेल्याची कबुली, आणि आपल्याहून निराळें पाहणाऱ्यास बोलूं देण्याचें धैर्य, या तिहींनीं तो मिळतो. यांतील पहिली गोष्ट आगासींपाशीं विपुल होती. तिसरी त्यांनीं शिष्यांस दिली, पण रेंटीस नाकारली. ती नाकारण्याचा मोह प्रत्येक देशांत, प्रत्येक वर्गांत आणि प्रत्येक विद्वानास होत असतो. मुलांस समुद्रावर नेतांना शिक्षकानें इतर सामानाबरोबर ही आठवणही घेऊन जावी.